आयगुलने सासूचं नाव घेतलं

मैत्रिणींनो, आज दुपारी शेजारच्या कझाक आयगुलकडे पुऱ्या लाटायला गेले होते. त्यांच्यात गेलेल्या माणसासाठी शुक्रवारी सात पुऱ्या तळून वाटतात. या तिच्या गेलेल्या सासूसाठी होत्या.

"प्रार्थनेत नाव घ्यायचंय, पण तोंडून निघत नाही," ती म्हणाली. "आमच्यात जुन्या रीतीने सून सासरच्यांचं नाव घेत नाही, स्वतःच दुसरं देते. मी 'गोड आई' म्हणायचे."

"अगं, मीही ह्यांचं नाव उखाण्यातच घेते. म्हण माझ्यामागून."

"सात पुऱ्या तळल्या तेलात छान..."

ती अडखळत म्हणत होती. नावाशी मी थांबले, मला ते ठाऊकच नव्हतं.

"साऊले," ती हळूच म्हणाली.

"...आईंना पहिल्या पुरीचा मान," मी उखाणा पूर्ण केला.

दोघींचे डोळे भरून आले. नाव न घेणाऱ्या सुनांना आपण उगाच मुक्या समजतो का गं?