वाजवून घेतलेलं मडकं

मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला, त्या सुमाराची गोष्ट. दारव्ह्याच्या बाजारात मी मडकी विकायला बसायचे. दर बाजाराला एक म्हातारा यायचा, मडकं कानाशी धरायचा आणि बोटाच्या पेरानं टकटक वाजवायचा. एक वाजवून भागायचं नाही त्याचं. मला राग यायचा. आमच्या भाजण्यावर एवढा अविश्वास?

"बाबा, दर बाजाराले मडकं कायले लागते तुमाले?" मी एकदा विचारलंच.

"पोरगं पेते, बाई. घरातलं तांबं-पितळ सारं इकून प्यायला. मातीचं कोणी इकत घेत नाही, म्हून मातीचं नेतो. त थो फोडते." मग हसल्यासारखं करून म्हणाला, "फोडू दे. फोडेपर्यंत त घरात राह्यते."

शेजारी एक बाई मडकी पाहत होती. तिचा हात थांबला. "माहाबी पेते," ती एवढंच बोलली. म्हातारा तिच्यासाठी मडकी वाजवायला बसला आणि त्यातलं एक तिच्या हातात दिलं. पुढं बाजारात ती दोघं एकमेकांची वाट पाहत थांबायची.

एका सकाळी, बाजार नसताना, म्हातारा आमच्या घरी आला. मागे बांबू आणि कोरं कापड घेतलेली माणसं होती. ती बाईही होती. मी चांगलं भाजलेलं मडकं काढलं आणि त्याच्यासाठी वाजवायला बोट उचललं.

"वाजवू नको, बाई," तो म्हणाला. "हे मलेच फोडाचं हाय."