पुठ्ठा धरणारा

मे महिन्यात कळव्याला एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही जुने हिपहॉपवाले बायकापोरांसह जमलेलो. तिथे गुडघ्याला पट्टा बांधलेला एक अनोळखी माणूस ब्रेकडान्ससाठी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा पसरत होता. कुणाला खरचटू नये म्हणून कडांची चिकटपट्टी अंगठ्याने दाबत होता. मग दोन्ही तळव्यांनी कोपरा धरून बसला.

"आता माझं एवढंच," तो मला म्हणाला. "तू फिर रे, मी धरतो."

लेक बघत होती, म्हणून वीसेक वर्षांनी मी हातावर गिरकी घ्यायला गेलो आणि अर्ध्यातच कलंडलो. सगळे हसले. लेकीचा चेहरा पडला.

"सॉरी बाळा," तो तिला म्हणाला, "माझा हात सुटला, पुठ्ठा सरकला."

मी पडल्यापडल्या बघितलं. त्याचे दोन्ही तळवे अजून पुठ्ठ्यावर घट्ट दाबलेले होते.