नेपाळच्या तिकिटाचे पापड

मी मेहकरला नर्स आहे. नेपाळच्या एका डोंगरी खेड्यात तीन महिने बाळंतिणींची सेवा करायला जायचं ठरलं, पण प्रवासखर्च ज्याचा त्यानं उभा करायचा होता. मदत मागायला आधी बाजारातल्या कृषी केंद्रात गेले. मालक म्हणाले, "इथल्या बायका संपल्या काय, सिस्टर? नेपाळले काऊन जाऊन राह्यल्या?" दुकानात हशा पिकला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता जाईन तर इथल्या बायकांच्याच जोरावर.

उन्हाळा होता. आमच्याकडे बायका एकमेकींच्या घरी पापड लाटायला जातात, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. मी पोळपाट-लाटणं घेऊन घरोघरी बसले. सांगितलं, माझ्याकडे लाटायला येऊ नका, त्याऐवजी जमेल ते तिकिटाला द्या. बायकांनी दिलं, वर तिथल्या बायकांसाठी निरोपही दिले. "त्याईले इचारजा, बाळंतिणीले किती दिवस निजू देतात?" "माहेर किती दूर हाये, इचारजा."

शेवटी त्या मालकांच्याच घरी गेले. त्यांची बायको दुपारभर माझ्या शेजारी मान खाली घालून लाटत होती. पैसे काही दिले नाहीत. निघताना दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "त्याईले एवढंच इचारजा सिस्टर, घरातले शंभर रुपये कोनाले न इचारता देता येतात काय?"

नेपाळात पोचल्यावर मी सगळ्यात आधी तिचा प्रश्न विचारला. चुलीभोवतीच्या बायका हसल्या, मग एकेक करून गप्प झाल्या.