सोड म्हणायचं नाही

आमच्या टोळीत लाईनवर काम चालू असताना कोणी 'सोड' म्हणत नाही. नवा माणूस चुकून म्हणाला तर मी त्याच्या अंगावर धावून जातो. माझं डोकं फिरलंय असं पोरं माघारी म्हणतात. फिरलं असेल. पण का फिरलं ते ऐकून मग ठरवा.

आमच्या सातारा-सांगलीकडं वीज कोणी चालू करत नाही, सोडतात. पाटाला पाणी सोडतात, गोठ्यातलं जनावर सोडतात, तशी लाईट सोडतात. हाच शब्द धरलेला दोर टाकायला आणि हाच धरलेली मानगूट मोकळी करायला. एवढ्या मोठ्या भाषेत या कामांना वेगवेगळे शब्द ठेवायला कोणाचे हात मोडले होते, देव जाणे.

पलूसच्या खालच्या अंगाला, उसाच्या रानात, वाऱ्यानं तार तुटली होती. ती जोडायला ठेकेदारानं आम्हा दोघांना पाठवलं. माझा जोडीदार दुष्काळी पट्ट्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. अर्ध्या माळावरनं कळप वळवेल असा त्याचा आवाज आणि डोकं बर्फासारखं थंड. एरवी वर मी चढायचो आणि खाली तो राहायचा, कारण खाली शेतकऱ्यांशी बोलावं लागतं आणि माझ्या जिभेला हाड नाही. त्या दिवशी माझा खांदा धरला होता, म्हणून तो चढला.

डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची पेटी, बांधावर होती आणि तुटल्या तारेचा खांब तिथून दोन खांब आत, उसात. काढून ठेवायला डीपीवर फ्यूज नव्हतेच, लोकांनी जाड तारा थेट गुंडाळल्या होत्या. डीपीच्या हँडलचं कुलूप कधीच फोडलेलं. चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून जोडायच्या तारेवर टाकतात ती अर्थिंगची साखळी ठेकेदारानं दुसऱ्या टोळीला दिली होती. हे हँडल खाली ओढलं की लाईट जाते, वर केलं की येते. मी ते खाली ओढलं आणि त्याच्यापुढं उभा राहिलो. बाकी सगळा बंदोबस्त लोकांनी आणि ठेकेदारानं खाऊन टाकला होता, उरलो होतो मी.

थोड्या वेळानं त्या रानाचे मालक आले. पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले, मिशीला पीळ, मागं त्यांचा गडी.

"लाईट सोड," सुभेदार म्हणाले. "पाण्याची पाळी माजी हाय. मोटार बंद पडलीया."

"आवं सुभेदार, वर माणूस हाय. तार जोडून उतरू द्या, मग सोडतो."

"लय शानपना करू नगं. माजं रान, माजी पाळी." आणि गड्याला म्हणाले, "कर रं हँडल वर."

गड्यानं हात पुढं केला. मी हातातल्या पकडीचा एक दणका त्याच्या बोटांवर दिला. तो कळवळून मागं सरला. त्याची गचांडी धरून मी त्याला नीट समजावलं, "वरचा मानूस 'सोड' म्हनंल तवाच ह्याला हात लावायचा. मालक सांगू दे न्हाईतर देव सांगू दे. कळलं का?"

"व्हय," गडी म्हणाला.

"माज्या गड्यावर हात टाकतूस?" म्हणत सुभेदारांनी माझ्या तोंडावर ठोसा मारला. पलटणीतला हात. माझा दात हलला आणि तोंड रक्तानं भरलं. मग मीही मागंपुढं बघितलं नाही. डोकं खाली घालून त्यांच्या छातीवर आदळलो, दोघंही बांधावरनं सरीत पडलो. चिखलात त्यांनी माझं नाक फोडलं, मी त्यांच्या पोटात गुडघा घातला. शेवटी मी वर आलो आणि दोन्ही हातांनी त्यांचा गळा आवळला. सांगायला लाज वाटत नाही, मला त्या वेळी तो माणूस मेलेला हवा होता.

वरून जोडीदाराला हे सगळं दिसत होतं. मी माणूस मारतोय हे बघून तो ओरडला, "आरं मरंल त्यो. सोड."

ऊस वाऱ्यानं सळसळत होता. त्यातून आमच्यापर्यंत एकच शब्द धड आला.

गड्यानं मी सांगितलं तसं केलं. दुखऱ्या बोटांनी, इमानदारीनं त्यानं हँडल वर केलं.

डीपी घुमली. मी मान वळवली तर उसाच्या तुऱ्यांच्या वर जोडीदार खांबाला बांधलेल्या पट्ट्यात ताठ झाला होता, तार त्याच्या उजव्या मुठीत आणि मुठीतून धूर. मी उठायला गेलो, पण आता सुभेदारांनी माझा सदरा धरला होता. मी ओरडलो, "सोड, सोड!"

"सोडलीया की," गडी म्हणाला.

सुभेदारांनी माझ्या खांद्यावरनं वर बघितलं. मला बाजूला भिरकावून ते बांध चढले, गड्याला लाथ घालून हटवलं आणि सगळं वजन टाकून हँडलला लोंबकळले. डीपी गप्प झाली. मी दुखऱ्या खांद्यानं कसा चढलो ते आठवत नाही. दोरानं मी त्याला खाली दिला, तो सुभेदारांनी अंगावर झेलला आणि त्यांच्याच जीपमधून आम्ही सांगली गाठली. डॉक्टरांनी जीव वाचवला. उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

पुढं एका दुपारी गडी दवाखान्यात आला, घरच्या दुधाची किटली घेऊन. खाटेजवळ उभा राहून म्हणाला, "मी तुमचं ऐकूनच सोडली, दादा." मी त्याला भिंतीला दाबलं, गळ्याला हात घातला. किटली कलंडली. त्यानं हात वर केले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी दाबत राहिलो.

खाटेवरनं जोडीदार म्हणाला, "आरं, सो..."

एवढंच आणि तो थांबला. मी वळून बघितलं. तो घामानं निथळला होता, ओठ हलत होते, पण शब्द बाहेर येत नव्हता. गड्याचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. जोडीदार दुसरा शब्द शोधत होता.

"हात काढ त्याच्या गळ्यावरनं," तो शेवटी म्हणाला.

मी हात काढला. मग तो कुठं ठेवावा कळेना, म्हणून खिशात घातला.