रविवारचे डबे

आम्ही आमचं गाव, असोदा सोडलं त्या सकाळी टेम्पोत सामान कमी आणि खाणंच जास्त होतं. आईने तुरीची डाळ, काळा मसाला, ज्वारीच्या बिबड्या-पापडांचा डबा असं एकेक आणून ठेवलं आणि माझ्या बायकोचा, वैशालीचा हात धरून म्हणाली, "पोरांच्या जेवनाची आबाळ करू नको माय." मला कोणी काहीच सांगितलं नाही. मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

वैशालीला धुळ्याच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती, मला सूतगिरणीच्या ऑफिसात. तिच्या ड्युट्या बदलत्या. असोद्यात भूक लागली की चुलीशी कोणीतरी असायचंच. इथे दाराला कुलूप. तिखट-मीठ कुठे ठेवलंय हेही मला शोधावं लागे. मुलं बिस्किटं खाऊन शाळेत जायची, रात्री बाहेरून शेवभाजीचं पार्सल यायचं. मुलांना त्याची मजा वाटे, मलाही.

एके दिवशी शाळेतून फोन आला. आमची चौथीतली मीनू प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. घरी आल्यावर मी वैशालीवरच ओरडलो, "तू आई आहेस ना?" ती मीनूच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "आणि तुम्ही कोण आहात?"

पुढच्या रविवारी वैशाली सकाळच्या ड्युटीला गेली आणि मी स्वयंपाकघरात शिरलो.

पहिले काही रविवार सांगण्यासारखे नाहीत. बटाटे चिरून ठेवले, ते काळे पडले. कोथिंबीर धुऊन तशीच ओली डब्यात कोंबली. बुधवारी तिचा लगदा. शेजारच्या अक्का दारातून डोकावून हसायच्या, "बठ्ठा डबा भरी टाकात का भाऊ?" म्हणजे, सगळे डबे भरून टाकले का. त्यांनीच शिकवलं की पालेभाजी न धुता निवडायची आणि कोरड्या फडक्यात गुंडाळायची. वैशालीने दवाखान्याची शिस्त लावली: वाटण गार करून छोट्या डब्यांत, दोन दिवसांचं खाली, बाकी फ्रीझरमध्ये. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर वार. मीनू वार लिहायची आणि गुरुवारच्या मटकीला हळूच शुक्रवार करून टाकायची, कारण तिला मटकी आवडत नसे.

हळूहळू घडी बसली. सकाळी फक्त फोडणी आणि पोळ्या. मुलं भरल्या पोटी, भरल्या डब्याने शाळेत जाऊ लागली. वैशाली ड्युटीवरून आली की पाय पसरून बसे आणि मी ताट वाढे. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसे, ते मला आमच्या लग्नातही दिसलं नव्हतं.

गावी मात्र मी हे लपवलं. रविवारी आईचा फोन आला की मी कुकरची शिट्टी होण्याआधी गॅलरीत पळायचो. "ऑफिसचं काम आहे," सांगायचो. जे गावीच राहिले त्यांना हे उगाच वाटेल, पण घर सोडून गेलेल्यांना ठाऊक आहे: शहरात आपण बदलतो ते सोपं असतं, गावाला ते सांगणं अवघड.

आणि एका रविवारी माझे वडील, आबाच दारात उभे. न कळवता, सकाळच्या एसटीने, पिशवीभर भरताची वांगी घेऊन. माझ्या कमरेला वैशालीचा एप्रन, हात लसणाने माखलेले, ओट्यावर चौदा डबे.

"सून कुठी गेली?"

"ड्युटीवर."

"अन् हे काय करू राह्यला तू?"

मी सगळं सांगितलं, मीनूच्या चक्करेसकट. आबा स्टुलावर बसून ऐकत होते. शेवटी मी म्हणालो, "आईला नका सांगू, आबा."

"कामून? शेतात भरताची पार्टी राह्यते, तव्हा वांगे कोन भाजते? तुही माय येते का? आम्ही मानसंच भाजतो ना?" ते उठले, टोपी काढून फ्रिजवर ठेवली. "सरक तिकडे. अन् गरम वाटनावर झाकन लावू नको, घाम सुटते त्याले."

दुपारी वैशाली आली तेव्हा सासरा गॅसवर वांगी भाजत होता आणि नवरा मिरच्या ठेचत होता. ती दारातच थांबली, मग इतकी हसली की अक्का बाहेर आल्या. आबांनी तिला पहिलं ताट वाढलं. "बस माय, थकली असशीन," एवढंच म्हणाले. तिने मान खाली घालून खाल्लं. डोळे पुसले ते मिरचीमुळे, असं तिचं म्हणणं.

आबांनी गावी जाऊन अर्थातच सगळं सांगितलं. पारावरसुद्धा.

यंदा दिवाळीला आम्ही असोद्याला गेलो. सुट्टी रविवारपर्यंत होती. अजून एक दिवस राहावं म्हणून मी अंगणात रेंगाळत होतो, तर आईच म्हणाली, "उद्या शनिवारी निघ रे. रविवारी तुले डबे भरा लागतीन." आणि आत जाता जाता वळून, "घरी पोचले की फोन करजो."

घरी. आई धुळ्याला घर म्हणाली, आणि मला तेव्हा कळलं की आम्ही पोचलो आहोत.