गावाचा रकाना

मराठी माणसाला गाव विचारलं की तो राहतो ते सांगत नाही, बापजादे जिथून आले ते सांगतो. या खोडीपायी माझ्या जयवंतामावशीची नोकरी जायची वेळ आली होती, म्हणून मला या खोडीचा भयंकर राग आहे.

मावशी हैदराबादेत, जामबागेत जन्मली, तिथेच शिकली, आणि तिथल्याच एका मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. नऊ वर्षं तात्पुरती! दर जूनला नवा हुकूम, दर जूनला तीच धाकधूक. छप्पन साली कायम करायच्या बायकांची यादी निघाली. त्यासाठी मुलकी दाखला हवा होता, म्हणजे ही बाई पंधरा वर्षं इथलीच आहे असा सरकारी कागद. अर्जात गावाचा रकाना होता. मावशीने वळणदार अक्षरात लिहिलं, बोरगाव, जिल्हा परभणी. उभ्या जन्मात ती तिथे दोनदा गेली असेल.

नेमके त्याच वर्षी नोव्हेंबरात हैदराबाद राज्याचे तुकडे झाले आणि परभणी मुंबई राज्यात गेली. कचेरीतल्या कारकुनाने अर्ज तिच्या अंगावर सरकवला.

"तुमारा गाँव तो बंबई में गया ना बाई. उधरइच जाके नौकरी मांगो."

"अहो, मी इथलीच आहे. माझे वडील तीस साली इथे आले, इथेच वारले."

"गाँव का नाम कौन लिखा? मैं लिखा?"

रांगेतले लोक फिदीफिदी हसले. वडिलांनी गाव कधी सोडलं याचा लेखी पुरावा आणा, नाहीतर नाव कटेल, एवढं सांगून त्याने पुढच्याला हाक मारली.

मावशी बोरगावला गेली. तिथे तिचा चुलतभाऊ मुकुंदराव राहायचा. तिला सख्खा भाऊ नाही. दर भाऊबीजेला हाच यायचा, ओवाळून घ्यायचा आणि वाटीवर वाटी खीर चापून जायचा. पण बापाच्या इस्टेटीत मुलींनाही वाटा, असा कायदा त्याच वर्षी आलेला, आणि तिच्या वडिलांच्या वाट्याची जमीन हाच कसत होता. चोराच्या मनात चांदणं! दारात उभ्या बहिणीला मेल्याने पाणीसुद्धा विचारलं नाही.

"वाट्यासाठी आलीस ना, जयवंते?"

"तुझं ढेकूळसुद्धा नको मला. बाबा इथून कधी गेले, तेवढं लिहून दे."

"लिहितो की. सगळंच लिहितो."

पाटलाला बोलावून, दोन साक्षीदार बसवून त्याने लिहिलं: 'हणमंतराव सन तीसमध्ये गाव सोडून गेले, ते परत आले नाहीत. त्यांच्या मुलीचा या गावाशी, या घराशी व आमच्याशी काही संबंध नाही, पुढेही राहणार नाही.' खाली मावशीची सही मागितली. तिने सही केली.

कारकुनाने तो कागद दोनदा वाचला आणि प्रथमच हसला. "भाईच काट दिया! अब तो तुम हमारेच हुए बाई." त्याने शिक्का मारला. पुढच्या जूनमध्ये मावशी कायम झाली.

त्या वर्षी भाऊबीजेला तिने पाट मांडला नाही. संध्याकाळी निरांजन घेऊन अंगणात गेली आणि भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं चंद्राला ओवाळलं.

मला राहवेना. "अगं, तो मेला चांगला जिवंत आहे!"

"असेल," मावशी म्हणाली. "पण त्या कागदावर माझीही सही आहे."