तिसरा तारा

मुअल्लिम झियोदुल्लो अंथरुणाला खिळल्यापासून माहफिरात दर शुक्रवारी वेधशाळेचा डोंगर उतरून आपल्या या गुरुजींकडे जाई. ती दारात दिसली की ते विचारत, "पोरी, तिसरा तारा घेतेस ना?"

"घेते, मुअल्लिम." वीस वर्षं ती हेच सांगत आली होती.

काम तसं साधं: एका ताऱ्याचा उजेड रोज रात्री मोजायचा. ताऱ्यावर डाग चढले की तो मंद होतो, ओसरले की उजळतो. पण मंद झाला हे कशावरून? शेजारच्या स्थिर ताऱ्याशी ताडून. आणि तो शेजारी तरी स्थिर आहे का, हे बघायला तिसरा. पण युद्धानंतरचे हिवाळे असे आले की वीज जेमतेम दोन तास यायची. माहफिरातने तिसऱ्याला फाटा दिला आणि कालचाच आकडा जरा इकडेतिकडे करून लिहू लागली. पुढे वीज सुधारली, ही नाही सुधारली. बाई आळशी मुळीच नव्हती. पण खोटं एकदा अंगवळणी पडलं की तेही कामच वाटू लागतं.

त्याच आकड्यांवरून मुअल्लिमांनी निबंध लिहिला: डाग दर नऊ वर्षांनी परततात. सोमवारी तो छापायला जायचा होता. या वसंतात तारा भाकिताप्रमाणे मंद दिसला, आणि त्या आनंदात तिने कित्येक वर्षांनी तिसरा तारा खरोखर मोजला. आपला तारा होता तसाच होता. उजळला होता तो शेजारी. डाग सगळे त्याचे.

शुक्रवारी दुपारी तिने त्यांच्या हातात शीर-चायचा, दुधाच्या खारट चहाचा, वाडगा दिला.

"मुअल्लिम, निबंध थांबवा."

"मी मरेपर्यंत? मग फार खोळंबा नाही व्हायचा!" ते हसले.

"तिसरा तारा मी घेतच नव्हते. आकडे मनचे लिहिले."

त्यांनी वाडगा खाली ठेवला. "कधीपासून?"

"त्या हिवाळ्यांपासून. वीज नव्हती, मुअल्लिम, थंडी..." तिला रडू आवरेना.

"मला सांगायचंस. दोनच तारे आहेत म्हणून सांगायचंस. मी तेवढ्यावर भागवलं असतं." त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं, असं तिला वाटलं. "मी दर वेळी विचारत होतो."

 त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि कचेरीतल्या परक्या बाईला हाक मारावी तशी, बापाच्या नावासकट, तिला हाक मारली.

"माहफिरात सलीमोव्ना, जाताना दार तेवढं लावून घ्या."